स्काइप बंद झालं तरी जुन्या कॉम्प्युटरवरचे चॅट परत कसे काढायचे

आत्याचा लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर पडून होता, किती वर्षं ते कुणालाच आठवत नव्हतं. यंदा साफसफाईत तो खाली आला, मी फॅमिली ग्रुपवर नुसता फोटो टाकला आणि तासाभरात आतेभावाचा ओहायोवरून फोन. "अरे त्यात आईचं स्काइप होतं ना, रोज लिहायची मला, ते मिळेल का रे आता? स्काइप तर बंद झालं म्हणतात."

म्हटलं दादा, स्काइप बंद झालंय, आत्याची फाइल कुठे गेलीय. आणि मिळालं सगळं, २००९ च्या शेवटापासून २०१५ पर्यंतचं. दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली एक तर नुसती चार्जर शोधण्यात. असाच लॅपटॉप अजून कुणाच्या घरी असणार, म्हणून काय काय केलं ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

आधी हे समजून घ्या की चॅट नेमके असतात कुठे, नाहीतर उगाच भलत्या ठिकाणी शोधत बसाल. स्काइप २००३ साली आलं तेव्हा ते मधे मोठा सर्व्हर ठेवून चालणारं नव्हतं, दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलायचे आणि मेसेजही दोघांच्या आपापल्या मशीनवर साठायचे. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ते विकत घेतलं आणि मग हळूहळू सगळं क्लाउडवर नेलं. त्यामुळे दोन वेगळी प्रकरणं झाली. आठव्या व्हर्जनपासूनचं नवं स्काइप सगळं सर्व्हरवर ठेवायचं, आणि त्यात एप्रिल २०१७ च्या आधीचं काही दिसतच नव्हतं. सातव्या व्हर्जनपर्यंतचं जुनं स्काइप मात्र सगळं तुमच्याच डिस्कवर, एका फाइलमध्ये ठेवायचं. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि सर्व्हरवरचा डेटा जानेवारी २०२६ पर्यंतच ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, म्हणजे क्लाउडवालं ज्यांनी वेळेत एक्स्पोर्ट केलं त्यांचं वाचलं. पण जुनी फाइल कंपनीच्या हातात कधी नव्हतीच, ती तुमच्या माळ्यावर आहे. त्या काळी लोक वैतागायचे की नवीन कॉम्प्युटर घेतला की जुने चॅट दिसत नाहीत, आज तीच गोष्ट कामाला आली बघा.

अजून एक, आणि हे बहुतेक जण विसरतात. चॅट दोन्ही बाजूंना साठायचे. आत्याचा लॅपटॉप मेला असता तरी दादाच्या त्या वेळच्या लॅपटॉपवर तेच मेसेज असणार होते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी समोरच्या माणसाला फोन करा, त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर, जुनी बॅकअपची हार्ड डिस्क, काही आहे का विचारा. दादाने त्याचा २०१३ मध्येच कुणाला तरी देऊन टाकला होता, त्यामुळे आमच्याकडे हा एकच.

मशीन चालू करण्याआधी

इथे घाई नको. स्वतःला एकच प्रश्न विचारा, फाइल नुसती दिसत नाहीये का ती कुणीतरी उडवलीय? मशीन बंद पडलं, पासवर्ड विसरला, स्काइप उघडत नाही, असं असेल तर फाइल जागेवरच आहे, बिनधास्त पुढे चला. पण कुणी फॉरमॅट मारलाय, विंडोज नव्याने टाकलंय, किंवा जागा करायची म्हणून फोल्डर डिलीट केलंय असं असेल तर ते मशीन चालूच करू नका. विंडोज नुसतं सुरू झालं तरी डिस्कवर शेकडो ठिकाणी काहीबाही लिहितं आणि डिलीट झालेल्या फाइलची जागा त्याच्या दृष्टीने मोकळीच असते, तिथेच लिहिलं की संपलं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर डाउनलोड करणं हा त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त वेळा होणारा गाढवपणा. मी पण केलाय, फार वर्षांपूर्वी, एका मित्राच्या लग्नाच्या फोटोंवर, अजून तो विषय निघाला की मी चहा करायला उठतो.

आत्याच्या लॅपटॉपचा चार्जर गायब होता आणि बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलं होतं. फुगलेली बॅटरी असेल तर ती चार्जिंगला लावायचीच नाही, टोचायची दाबायची नाही, काढता येत असेल तर हळूच काढून बाजूला ठेवायची आणि ई-कचऱ्यात द्यायची. मग मी डिस्कच बाहेर काढली. जुन्या लॅपटॉपमध्ये हे सोपं असतं, खाली एक छोटं झाकण, दोन स्क्रू, आणि आत अडीच इंची डिस्क, ती बाजूला सरकवली की सुटते. साटा टू यूएसबी केबल लावायची आणि आपल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडायची. फार जुनी मशीन असेल तर डिस्कला दोन रांगा पिनांच्या दिसतील, ती आयडीई, तिला वेगळी केबल लागते, घेताना दुकानात डिस्कच घेऊन जा.

जोडल्यावर डिस्क टक टक टक असा एकसारखा आवाज करायला लागली तर लगेच केबल काढा. ते हेड, म्हणजे डिस्क वाचणारी आतली सुई, मार खातंय, आता चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढणार, अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जाते आणि ते खर्चिक प्रकरण आहे. आणि विंडोजने विचारलं की ही डिस्क फॉरमॅट करू का, तर नाही. हजार वेळा नाही.

फाइल कुठे आहे

डिस्क नीट दिसली की तिच्यात युजर्स फोल्डर, त्यात त्या माणसाच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात स्काइप, आणि त्यात स्काइपच्या युजरनेमचं फोल्डर. ॲपडेटा सहसा दिसत नाही कारण ते लपवलेलं असतं, विंडोज ११ मध्ये वर व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्सवर टिक केली की दिसतं. परवानगी नाही असं म्हणाला तर कंटिन्यू दाबा, थोडा वेळ घेतो पण उघडतो. डिस्क न काढता जुनं मशीनच चालू केलं असेल तर वाय-फाय बंद ठेवा, विंडोजचं बटण आणि आर दाबा, येईल त्या चौकटीत पर्सेंटचं चिन्ह, ॲपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह असं इंग्रजीत न तोडता टाइप करून एंटर मारा, थेट रोमिंगमध्ये पोचाल. विंडोज एक्सपी असेल तर युजर्सच्या जागी डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज आणि ॲपडेटा आणि रोमिंग या दोन्हींच्या जागी एकच ॲप्लिकेशन डेटा. मॅकवर युजरच्या लायब्ररीत ॲप्लिकेशन सपोर्ट, त्यात स्काइप. लिनक्सवर होम फोल्डरमध्येच टिंबाने सुरू होणारं लपलेलं स्काइप फोल्डर.

युजरनेमचं फोल्डर ओळखायला कधी कधी जड जातं. ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने लॉगिन केलं होतं त्यांच्या फोल्डरचं नाव 'लाइव्ह', मग हॅश, तीन, ए आणि पुढे नाव असं विचित्र असतं, ते फोल्डर करप्ट वगैरे नाहीये, कोलन चिन्ह फोल्डरच्या नावात चालत नाही म्हणून केलेली तडजोड आहे. एका घरात तिघं एकाच कॉम्प्युटरवरून बोलत असतील तर तीन फोल्डर मिळतील. आमच्याकडे आत्याचं एक आणि शेजारच्या काकूंचं एक निघालं! त्या इकडे येऊन मुलीशी बोलायच्या. काकूंचं मी उघडलं नाही, कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकून त्यांच्या घरी देऊन आलो.

आत जी फाइल हवी तिचं नाव मेन डॉट डीबी. २००९ च्या स्काइप ४ पासून हीच. त्याच्या आधीचं असेल तर डीबीबी शेपटीच्या बारीक बारीक बऱ्याच फाइल दिसतील, त्या पण घ्या. मेन डॉट डीबी एकटी उचलू नका, तिच्या शेजारी त्याच नावाला जर्नल जोडलेली फाइल असेल तर ती सोबत हवीच. स्काइप चालू असताना मशीन अचानक बंद पडलं असेल तर अर्धवट राहिलेला व्यवहार नीट करायची माहिती त्या जर्नलमध्ये असते, ती नसेल तर डेटाबेस बिघडलेला निघू शकतो. मी तर आख्खं स्काइप फोल्डरच कॉपी करतो. त्यातच माय स्काइप रिसीव्ह्ड फाइल्स नावाचं फोल्डर असतं, आलेले फोटो तिथे पडलेले असतात, मेन डॉट डीबीत फोटो नसतात, नुसती फाइल आल्याची नोंद असते.

कॉपी झाली की तिची अजून एक कॉपी करा आणि काम फक्त दुसऱ्या कॉपीवर. मूळ डिस्क काढून परत अभ्र्यात.

फाइल उघडायची कशी

मेन डॉट डीबी म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेस, सगळी टेबलं एकाच फाइलमध्ये ठेवणारा साधा प्रकार, पासवर्ड नाही, काही नाही, कुणीही उघडू शकतं. म्हणजे स्काइपचा पासवर्ड माहीत नसला तरी अडत नाही. (याचा दुसरा अर्थ, जुना लॅपटॉप भंगारात देताना डिस्क काढून घ्या.) दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता, निरसॉफ्टचं स्काइपलॉगव्ह्यू. फुकट आहे, छोटं आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. उघडलं की ते लॉगचं फोल्डर विचारतं, तिथे कॉपी केलेलं युजरनेमचं फोल्डर दाखवायचं, समोर सगळी यादी येते, कुणी लिहिलं, कधी, काय, कॉल किती वेळ चालला. कंट्रोल ए करून सगळं सिलेक्ट करा आणि व्ह्यू मेनूतून एचटीएमएल रिपोर्ट काढा, ब्राउझरमध्ये उघडतो, घरच्यांना पाठवायला बरा. निरसॉफ्टच्या टूल्सवर अँटिव्हायरस कधी कधी बोंबलतो, म्हणून ते त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, भलत्याच डाउनलोड साइटवरून नको.

दुसरा रस्ता डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट, हे पण फुकट. मी हेच वापरलं कारण मला फक्त आत्या आणि दादामधलंच वेगळं काढायचं होतं. फाइल उघडा, ब्राउझ डेटा टॅबवर या, टेबलांच्या यादीतून मेसेजेस निवडा. कॉलम बघून घाबरू नका, पन्नासच्या आसपास असतील, आपल्याला लागतात चारपाच. डायलॉग पार्टनरमध्ये समोरच्याचं युजरनेम. फ्रॉम डिस्प्लेनेममध्ये लिहिणाऱ्याचं नाव. बॉडी एक्सएमएलमध्ये मजकूर. टाइपमध्ये आकडा असतो, ६१ म्हणजे साधा मेसेज, ३० आणि ३९ म्हणजे कॉल सुरू आणि कॉल संपला, ६८ म्हणजे फाइल पाठवली. कॉलमच्या डोक्याखाली फिल्टरची रिकामी चौकट असते, डायलॉग पार्टनरखाली दादाचं युजरनेम टाकलं की बाकीचे सगळे गायब.

टाइमस्टॅम्पचा कॉलम बघून मात्र लोक हमखास विचारतात की हे काय फोन नंबर आहेत का. दहा आकडी संख्या असते, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते. उदाहरणार्थ १२६२३०४००० म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळात १ जानेवारी २०१० चे रात्रीचे बारा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. कॉलमच्या डोक्यावर राइट क्लिक करून एडिट डिस्प्ले फॉरमॅट घ्या आणि युनिक्स इपॉक टू लोकल टाइम निवडा, लगेच तारखा दिसायला लागतात. पण लोकल म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर बघताय तिथलं लोकल. हीच फाइल दादाने ओहायोत उघडली तर आत्याचा रात्री साडेनऊचा 'जेवलास का' त्याला सकाळी अकरा-बाराचा दिसणार. म्हणून मी भारताच्या वेळेने काढून दिलं, आणि वर एका ओळीत तसं लिहूनही ठेवलं.

आता शोधायचं कसं, यात आपल्या लोकांची वेगळीच गंमत आहे. तेव्हा कोण देवनागरीत टाइप करत होतं, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत. आत्या 'आहे' हा एक शब्द चार तऱ्हांनी लिहायची, कधी एक ए, कधी दोन, घाईत असली तर नुसतं ए-एच. तेव्हा पूर्ण शब्द शोधू नका, मधला न बदलणारा तुकडा शोधा. जेवणाचे उल्लेख हवे असतील तर जे-ई-व्ही एवढंच, आजारपणाचे हवे असतील तर गोळीतलं जी-ओ-एल. जास्तीचं येईल, ते डोळ्यांनी गाळा.

फाइल बाहेर काढायची तर फाइल मेनूतून एक्स्पोर्ट, टेबल ॲज सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेली साधी मजकुराची फाइल. आणि इथे मोठा घोळ होतो. सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलं की देवनागरी मेसेजच्या जागी परग्रहावरची अक्षरं दिसतात आणि लोकांना वाटतं डेटा खराब झाला. काही खराब झालेलं नसतं, एक्सेल चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे भलत्याच अक्षरांच्या कोष्टकाने, वाचतंय. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, मराठी जशीच्या तशी येते. लिबरऑफिस हे उघडतानाच विचारतं, त्यामुळे मला तेच आवडतं. नुसतं चेक करायला म्हणूनसुद्धा मूळ फाइलला हात मात्र लावू नका, आणि अर्धवट उघडलेली खराब सीएसव्ही सेव्ह तर मुळीच करू नका.

फाइल बिघडली असेल, किंवा डिलीटच झाली असेल

उघडताना डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड असं आलं तरी लगेच हात टेकू नका. आधी नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा, एसक्यूलाइट फॉरमॅट ३ असे शब्द दिसले तर फाइल निदान त्या जातीची आहे. सगळं कोरं किंवा नुसती शून्यं असतील तर आत काहीच नाही. शब्द दिसले तर एसक्यूलाइटच्या साइटवरून त्यांचं कमांड लाइन टूल घ्या, त्यात रिकव्हर नावाची टिंबाने सुरू होणारी कमांड आहे, ती फाटक्या फाइलमधून जेवढ्या ओळी सापडतील तेवढ्या वेचून काढते, त्याचं आउटपुट नवीन रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायचं आणि तो डीबी ब्राउझरमध्ये उघडायचा. २०१९ नंतरचं व्हर्जन हवं, आधीच्यात ही कमांड नाही.

फाइलच नसेल तर आधी फुकटच्या जागा बघा. विंडोज नव्याने टाकताना जुन्याचं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर राहिलंय का, त्यात युजर्सपासून तोच सगळा रस्ता. विंडोज ७ मध्ये स्काइप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, कधी कधी चक्क जुनी कॉपी निघते. तिथे नाही मिळालं तर रिकुव्हा किंवा फोटोरेक, ही डिलीट झालेल्या फाइल शोधणारी सॉफ्टवेअर. फोटोरेक दिसायला एकदम भंगार, काळी स्क्रीन, पण नावावर जाऊ नका, एसक्यूलाइट फाइलही ओळखतं. नावं मात्र परत येत नाहीत, ढिगाने अनोळखी नावांच्या फाइली मिळतात, त्यात ब्राउझरचे डेटाबेस पण असतात, मोठ्या साइझच्या आधी उघडून ज्यात मेसेजेस आणि कॉन्टॅक्ट्स ही टेबलं आहेत ती आपली. सापडलेलं कायम वेगळ्या डिस्कवर सेव्ह करा.

काही ठिकाणी खरंच काही होत नाही. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली नवी डिस्क, असेल आणि डिलीट होऊन मशीन वापरात राहिलं असेल तर ट्रिम नावाच्या तिच्या सफाईमुळे रिकामी जागा खरोखर पुसली जाते. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट मारला तर सगळीकडे शून्यं लिहिली जातात, क्विक फॉरमॅट असेल तर आशा आहे. स्काइपच्या सेटिंगमध्ये हिस्ट्री दोन आठवडेच ठेवा असं निवडलं असेल तर जुनं तेव्हाच गेलं. आणि अशा केसमध्ये इंटरनेटवर 'शंभर टक्के चॅट रिकव्हरी' म्हणणारे, तुमच्या कॉम्प्युटरचा रिमोट ॲक्सेस मागणारे भेटतील, त्यांना एक रुपया देऊ नका.

ज्यांचं स्काइप नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. जीटॉकचे, म्हणजे गुगलच्या जुन्या चॅटचे, मेसेज जीमेलमध्येच असतात, सर्चमध्ये इन कोलन चॅट्स टाका, ऑफ द रेकॉर्ड केलेले मात्र कधी साठलेच नाहीत. याहू मेसेंजरची डॅट फाइल तुमच्याच याहू आयडीने गुंडाळलेली असते, आयडी नीट आठवला तर त्यासाठीची छोटी टूल्स ती उलगडतात. पिजिन (अनेक चॅट एकाच जागी चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर चैन आहे, लॉग साध्या एचटीएमएल किंवा टेक्स्ट फाइलमध्ये असतात, थेट वाचा.

आमच्या फाइलमध्ये काही ओळी अशा निघाल्या की वेळ आहे, आत्याचं नाव आहे, मजकुराची जागा रिकामी. त्या तिने पाठवून लगेच काढून टाकलेल्या. एसक्यूलाइट काढलेला मजकूर लगेच पुसत नाही, फाइलच्या पोटात तो कधी कधी तसाच पडून राहतो, म्हणून मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी उजवीकडच्या कॉलममध्ये सरळ वाचता येतं, देवनागरी असेल तर प्रत्येक अक्षराचे तीन बाइट आणि सुरुवात कायम ई-शून्य ए-चार किंवा ई-शून्य ए-पाच, तेवढं शोधलं की जागा सापडते. दोन ओळी मिळाल्या, एकीत औषधाचं नाव चुकलं होतं, दुसरीत कुणावर तरी रागावून लिहिलं होतं. दादाला विचारलं या पण घालू का. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "औषधाची घाल. दुसरी तिने काढली होती ना, राहू दे."